डाव्या बाजूची चौकडी

"भाऊजी, झालं का?" इस्पितळातून मेहुणीने फोनवर विचारलं, तेव्हा बारा वाजले होते.

"होत आलंय," तो म्हणाला. मांडीवरच्या झग्याला अजून बाह्या नव्हत्या आणि डावी कड उघडीच होती.

"चारला पलंग रिकामा करायचाय. नर्स दोनदा येऊन गेली. आणि ताई म्हणते, हा इथला डगला घालून मी दाराबाहेर पडणार नाही."

"बोलली? तोंड उघडलं तिने?"

"तेवढंच. परत भिंतीकडे वळून पडलीय. भाऊजी, तिने अजून स्वतःकडे पाहिलेलं नाही हो. पट्टी बदलताना डोळे घट्ट मिटून घेते."

त्याने फोन ठेवला. आठ दिवसांपूर्वी बायकोचा डावा स्तन काढला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता, डोक्यातून काही घालता येत नव्हतं, म्हणून हा शर्टासारखा वरपासून खालपर्यंत पुढून उघडणारा झगा. असले झगे बाजारात ढिगाने मिळतात. पण निळ्या-तांबड्या चौकडीचं हे कापड तिनेच दोन वर्षांपूर्वी आणून कपाटात ठेवलं होतं, आणि विकतच्या झग्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "त्यांच्या चौकड्या कुठे जुळलेल्या असतात?"

तिला तसं म्हणायचा अधिकार होता. शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीला होती आणि तो कॉलरीवर. पहिल्या ओळखीलाच तिने त्याच्या अकरा कॉलरी परत पाठवल्या होत्या. तयार शर्ट समोर आला की ती बटणपट्टीवरून एक बोट फिरवायची, कडा बघायची आणि पसंत पडला तर वरचं बटण स्वतः लावायची. वरचं बटण उघडं राहिलं की सगळे समजायचे, शर्ट परत.

एकोणतीस वर्षं त्याने कॉलरीच केल्या. बाह्या दुसरा लावायचा, कापणारे तर वेगळ्याच मजल्यावर. अख्खा कपडा त्याने जन्मात शिवला नव्हता. त्यामुळे काल सकाळी या शहाण्याने सगळ्यात आधी काय केलं, तर कॉलर! झगा अजून कापायचाच होता आणि कॉलर इस्त्री होऊन तयार. मग तिचा एक जुना झगा मापाला घेऊन त्याने बाकीचं कापड जीव मुठीत धरून कापलं. पुढचे दोन्ही भाग बटणपट्टीवर एकमेकांना असे भिडले की रेघेला रेघ मिळाली. तेव्हा तो एकटाच घरात हसला होता.

आता डावी कड शिवायला घ्यायच्या आधी त्याने झगा खुर्चीच्या पाठीवर घातला आणि सवयीने हात फिरवून पाहिला. उजवीकडे छातीला गोलाई देणारी टक्स नीट बसली होती. डावीकडेही तितकीच नीट बसली होती. तिथे त्याचा तळवा आत गेला आणि कापड पोकळ दबलं.

त्याने हात झटकन मागे घेतला.

जुन्या मापावरून त्याने दोन टक्स घेतल्या होत्या. कारखान्यात सगळं जोडीनेच होतं. उजवं केलं की डावं, विचार कशाला करायचा? परवापर्यंत इस्पितळात उशाशी बसलेल्या माणसाच्या हातांना एवढं कळू नये याची त्याला लाज वाटली. हा झगा अंगात घातला की ती डावी टक्स रिकामी लोंबणार आणि न बघताच तिच्या बोटांना ते सापडणार.

उसवावी? कापड उरलेलं नव्हतं, चूक झाली तर संपलंच. आणि उसवली म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने सांगून टाकल्यासारखं होईल, इथे आता काही नाही. डोळे मिटून घेणाऱ्या बाईला हे आपण सांगायचं? तो अर्धा तास कात्री हातात घेऊन नुसता बसून राहिला. मग खिडकीशी गेला आणि एकेक टाका उसवू लागला.

टक्स मोकळी झाली तसा पुढचा भाग काखेशी बोटभर वर सरकला. तेवढा त्याने मुंढ्यात, बाही बसते तिथे, कापून टाकला. थोडा जास्तच कापला, सुजलेला हात आत जायला हवा होता. मग डाव्या कडेला खालच्या टोकापासून रेघेवर रेघ ठेवत टाचण्या लावत वर गेला आणि कड शिवली. बाह्या झाल्या, खालची दुमड झाली. बटणांऐवजी त्याने टिचबटणं लावली, एका हाताने लागतील अशी. शेवटचं लावताना सुई बोटात घुसली, पण रक्त कापडाला लागू दिलं नाही.

पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मेहुणी झगा घेऊन पडद्याआड गेली. तो बाहेर उभा राहिला.

आतून टिचबटणांचा आवाज येऊ लागला, खालून वर. एक, दोन, तीन. सहाव्यानंतर आवाज थांबला.

"इथे टक्स होती," आतून बायकोचा आवाज आला.

"होती. उसवली."

"भोकं दिसतायत."

"धुतल्यावर जातील."

"नाही जायची. आणि उजवीकडे काखेखाली चौकडी तुटलीय."

"टक्स आली की वरच्या रेघा सरकतात गं. तिथे नाहीच जुळत."

"मला शिकवू नका." मग तिने हळूच म्हटलं, "डावीकडे जुळलीय. काखेपासून पार खालपर्यंत."

उरलेली टिचबटणं एकेक करून लागली आणि मेहुणीने पडदा सारला. बायको उभी होती, वाळलेली, केस नीट विंचरलेली. झगा अंगाला चापून बसला होता. वरचं बटण तेवढं उघडं होतं. त्याने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

तिघं लिफ्टपाशी आली. दार उघडलं. आतल्या भिंतीला माणूसभर आरसा होता. मेहुणी घाईने मध्ये आली, पण बायकोने तिला उजव्या हाताने बाजूला केलं.

तिने आरशात पाहिलं. उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, आणि डावीकडे पुष्कळ वेळ पाहत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. लिफ्ट खाली जात होती. बटणपट्टीवरून तिने एक बोट वरून खाली फिरवलं, पुन्हा वर आणलं, आणि गळ्यापाशी येऊन वरचं बटण लावलं.