अडगळीच्या खोलीची कडी

रुपालीला नव्या बंगल्यात एकच गोष्ट हवी होती. आतून कडी लागेल अशी एक खोली.

लग्नाला सतरा वर्षं झाली. सतराही वर्षं ती नि सुदर्शन माजघरात झोपले, आणि माजघर म्हणजे निमगाव साव्याचा एसटी स्टँडच! सासरे सयाजी पहाटे गोठ्याकडे निघाले की तिच्या उशाजवळून जायचे. पावणे आले की तिची गादी पावण्यांना, नि ती स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीला टेकून. नवऱ्याशी मनातलं बोलायचं तर गाडीवरून मंचरला जाताना, आणि त्यातलंही निम्मं वाऱ्यावर जायचं.

म्हणून तिच्या मोबाइलमध्ये बेडरूमचे त्रेचाळीस फोटो होते. ताकाच्या रंगाच्या भिंती, खिडकीला जाड सुती पडदे, उशाशी पिवळा मंद दिवा. टीव्ही नाही. या शेवटच्या गोष्टीवर तिचा फार जोर होता.

पण चांगल्या खोलीला दहा मालक. दादाभाऊ गवंड्याने मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीने घराची आखणी केली आणि पुढच्या बाजूच्या मोठ्या चौकोनात उभं राहून सांगितलं, "ही मास्टर बेडरूम. चौदा बाय सोळा."

सयाजींनी चपलेसकट आत एक फेरी मारली. "झ्याक! या भिंतीवर आपल्या ढाली." ढाली म्हणजे त्यांच्या बैलांनी गाड्यांच्या शर्यतीत मारलेल्या बक्षिसाच्या, एकूण एकसष्ट. "आन् हितं मोठा टीव्ही. समदी भावकी बसंल."

"आन् यात्रेला पावण्यांची सोय झाली," सुदर्शन खूश होऊन म्हणाला.

"यात्रा दोन दिवसांची असते, अहो."

"मग बाकीचं दिवस गाद्या रचू."

रुपालीला असा राग आला, की फक्कीचं घमेलं उचलून बापलेकांच्या डोक्यावर पालथं घालावं. पण सतरा वर्षं सासर केलेली बाई ती, नुसती हसली. तिला एक कळून चुकलं होतं. या गावात चांगल्या खोलीत घरची माणसं राहतच नाहीत. तेव्हा खोली पाहिजे असेल तर ती चांगली आहे हे कुणाला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी बापलेक शर्यतीला गेल्यावर तिने दादाभाऊपुढे कांदाभजी नि आल्याचा चहा ठेवला.

"दादाभाऊ, पुढची मास्टर बेडरूम हाय तशी राहू द्या. पण मागं, न्हाणीला लागून, एक अडगळीची खोली काढा. बारा बाय बारा."

"अडगळीला एवढी?"

"लई अडगळ हाय आमची."

"खिडकी?"

"मोठी काढा. अडगळीला हवा लागते."

"न्हाणीत उघडणारं दार पण?"

"अडगळ धुवायला नको व्हय?"

दादाभाऊने भजं तोंडात टाकलं, चावलं नि गालात हसला. "आन् कडी? बाहेरनंच ना?"

"आतनं."

"वहिनी, अडगळ कधी आतनं कडी लावती का?"

रुपालीने घाईघाईने भज्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवली. एवढ्यात पाठीमागून आवाज आला, "उंदरं, दादाभाऊ. उंदरं बाहेर येत्यात. आतनंच पायजे कडी."

सासूबाई, प्रयागबाई! कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. सुनेकडे ढुंकूनही न बघता त्यांनी एक भजं उचललं आणि चालू पडल्या.

तेव्हापासून रुपालीच्या जिवाला घोर लागला. बाई आपल्या बाजूने बोलली, की पुढे भावकीत बसून हसं करणार? सासूच्या पोटातलं सासूलाच ठाऊक.

भिंती चढल्या, स्लॅब पडला. एके दिवशी सयाजी मागच्या खोलीत डोकावले. "अरे, ही मोकळीच की! बाजार पडलाय, हितं कांदा टाकू."

संपलं सगळं! एकदा कांदा शिरला, की वास काही जन्मभर निघायचा नाही.

"टाका की," प्रयागबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "न्हाणीची भिंत हाय, वल धरती. सडला तर माझ्या नावानं बोंबलू नका."

सडण्याचं नाव काढताच सयाजी मुकाट्याने माघारी फिरले. रुपालीने सासूकडे पाहिलं. सासू तांदळातला खडा शोधत होती.

वास्तुशांतीच्या दिवशी पुढची मास्टर बेडरूम कशी भरली म्हणता! भिंतीवर एकसष्ट ढाली, टीव्हीवर शर्यत, पलंगावर नऊ पावणे, आणि नणंदेच्या पोरांनी नव्या चादरीला पुसलेला जिलेबीचा पाक. रुपाली हे बघून मनातून इतकी सुखावली, की आणखी दोन जिलेब्या तिने स्वतः पोरांच्या हातावर ठेवल्या.

शेवटची पंगत उठल्यावर ती हळूच मागे गेली. कालच तिने गुपचूप पडदे लावले होते, दिवा ठेवला होता, गादी घातली होती. सुदर्शनला आज रात्री दाखवायचं होतं. त्याआधी पाचच मिनिटं पाठ टेकावी म्हणून तिने दार ढकललं.

दार आतून बंद!

"कोन हाय आत?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"उंदीर," आतून प्रयागबाई म्हणाल्या.

कडी सरकली. प्रयागबाईंचा अंबाडा सुटला होता, गालावर उशीची घडी उमटली होती. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि एकाएकी त्यांचे डोळे भरून आले.

"चव्वेचाळीस वर्सं झाली गं मला सासरी येऊन. आज पयल्यांदा दार लावून निजले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "दुपारची माझी, रातची तुमची. कबूल?"

"कबूल, आत्याबाई," रुपाली म्हणाली, आणि तिलाही रडू आवरेना.

तेवढ्यात पुढून सयाजींची आरोळी आली, "अगं ए, च्या टाका! कुठं गेल्या समद्या?"

प्रयागबाईंनी सुनेला हाताला धरून आत ओढलं आणि कडी लावली. दादाभाऊने ती चांगली दणकट बसवली होती.