माझ्या लोकार्पणाचा रविवार

मित्रांनो, तुम्हाला हसू येईल, पण मी एक भित्रे यंत्र आहे. उंची स्टुलाएवढी, खाली चार चाके आणि पोटात सतत घरघर. खोलीतली साधी हवा मी आत ओढते, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढते आणि एका पातळ नळीतून आजारी माणसाच्या नाकापर्यंत पोहोचवते. त्या नळीच्या टोकाशी एक जीव असतो, म्हणून मला भीती वाटते. वीज गेली की वाटते, जाळीत धूळ साचली की वाटते, कोणी उगाच माझ्या बटणाकडे बोट नेले तरी वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मला एका सेवा मंडळाने आणले. हे मंडळ गरजूंना खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या वापरायला देते आणि गरज सरली की वस्तू परत घेते. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. एका घरून निघाले की थेट दुसऱ्या घरी. मग नवी, हलकी यंत्रे आली आणि माझी रवानगी सभागृहामागच्या कोठीत झाली. तीन वर्षे मी तिथे कापडी फलकांच्या गुंडाळ्यांमागे पडून होते. एका पालीने माझ्या जाळीत अंडी घातली. आता आपण भंगारातच जाणार, असे मी धरूनच चालले होते.

मला बाहेर काढले ते कंपाउंडरकाकांनी. मंडळाची सगळी उपकरणे त्यांच्या ताब्यात असत. आयुष्यभर दवाखान्यात औषधे बांधून दिलेला हा माणूस बोलायचा इतक्या हळू, की सभेत त्यांचे म्हणणे फक्त शेजारच्या खुर्चीला कळे. त्यांनी मला उघडले, पुसले, नवी जाळी बसवली. "अजून दम आहे गड्या तुझ्यात," ते म्हणाले. मला बरे वाटले आणि लगेच भीतीही वाटली. दम आहे म्हणजे पुन्हा कोणाचा तरी जीव आपल्या हवाली होणार.

मंडळाचे एक मासिक पत्रक निघते. संपादक म्हणजे निवृत्त गुरुजी. पत्रकात दोन रकाने असतात, 'झालेले उपक्रम' आणि 'आगामी उपक्रम'. गुरुजींनी त्या महिन्यात छापले: रविवारी सकाळी अकरा वाजता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्राणवायू यंत्राचे लोकार्पण. पत्रक घरोघरी गेले. पण आजार काही पत्रक वाचून येत नाही. बुधवारीच एका मुलीचा फोन आला. तिच्या शिवणमावशींना, म्हणजे चाळीस वर्षे साऱ्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या बाईंना, धाप लागून खाटेवरून मोरीपर्यंतही जाववत नव्हते. काकांनी रविवारची वाट पाहिली नाही. मला रिक्षात घातले आणि मावशींच्या खाटेशेजारी नेऊन उभे केले.

ते चार दिवस चांगले गेले. मावशींनी माझे नाव 'घरघऱ्या' ठेवले. भाची कामावर गेली की त्या माझ्याशी बोलत. एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू थांबू नकोस हं. मला फार भीती वाटते रे." मला बोलता आले असते तर मी सांगितले असते, की मावशी, मलाही.

शनिवारी मंडळाचे अध्यक्ष मावशींच्या दारात आले. त्यांचे रंगाचे दुकान होते. माणूस वाईट नव्हता, पण छापलेल्या शब्दापुढे त्यांचे काही चालत नसे.

"अहो, यंत्रच नाही तर लोकार्पण कशाचं करू? स्टुलाचं?" ते माझी जाळी पुसायला आलेल्या काकांना म्हणाले. "पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. तोवर बाईंना सिलिंडर लावा."

"हो साहेब," काका म्हणाले. अठरा वर्षे ते हेच म्हणत आले होते.

भाचीच्या कपाळाला आठी पडली, पण मावशीच म्हणाल्या, "नेऊ दे गं. त्यांच्यामुळेच तर मिळालंय. फोटो तर निघायलाच हवा."

रविवारी साडेदहाला माझी नळी काढून मावशींना छोटा सिलिंडर लावला. तो दोन तासांचा होता. काकांनी भाचीला काटा दाखवला, "हा लाल पट्ट्याकडे आला की मला फोन कर." मग मला तीन जिने उतरवले. मागे वळून बघायला मला मान नाही, पण त्या वेळी ती असावी असे फार वाटले.

सभागृहात मला व्यासपीठावर ठेवले, पुढे फीत बांधली आणि वरून जांभळा साटिनचा पडदा घातला. "चालू ठेवा," अध्यक्ष म्हणाले, "पडदा काढल्यावर गुरगुरलं पाहिजे." मी चालू झाले. माझी नळी रिकाम्या खुर्चीवर सोडली होती आणि माझा प्राणवायू त्या खुर्चीला मिळत होता.

अकरा वाजले. पाहुणे वाटेत होते. साडेअकराला ते अजून वाटेतच होते. तोवर स्वागत झाले, प्रास्ताविक झाले, मागच्या महिन्यातल्या नेत्रतपासणीचा वृत्तान्त झाला, पुढच्या महिन्यातल्या वृक्षारोपणाचे आवाहन झाले. नमनालाच घडाभर तेल. पडद्याआडून मला घड्याळ दिसत नव्हते, पण कोणी ना कोणी वेळ पुटपुटत होते. पावणेबारा. बारा. मी मनात काटा खाली सरकवत होते. मित्रांनो, इतकी घाबरगुंडी माझी कोठीतल्या अंधारातही उडाली नव्हती.

त्यातच पडद्याने माझी जाळी झाकली गेली. हवा मिळेना. पोट तापले आणि माझी धोक्याची शिट्टी कर्कश वाजू लागली. लोकांना वाटले, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी येऊन पडदा काढला. शिट्टी थांबली आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. भाचीच होती. त्यांनी फोन कानाला लावला, परत खिशात टाकला आणि भिंतीतली माझी वायर उपसली.

"अहो, काय करताय? पाहुणे पाच मिनिटांत येतायत," अध्यक्ष म्हणाले.

"काटा लाल पट्ट्यावर गेलाय साहेब. मी निघतो."

"पण छापून आलंय हो."

काका माझी वायर गुंडाळू लागले. बोलले ते गुरुजी. पहिल्या रांगेतून उठून ते म्हणाले, "छापलं मी होतं. चूक माझी आहे." मग त्यांनी वाकून माझी एक बाजू धरली. दोन म्हातारे आणि मधे मी, असे आम्ही पायऱ्या उतरलो. फीत माझ्या चाकात अडकून फरफटत आली.

तीन जिने चढताना गुरुजी दोनदा टेकले. दार उघडेच होते. मावशी खाटेवर पुढे वाकून बसल्या होत्या, ओठ निळसर झाले होते आणि भाची त्यांची पाठ चोळत होती. काकांनी मला लावले, नळी मावशींच्या नाकाला दिली, बटण दाबले. पण मित्रांनो, बटण दाबताच मला पूर्ण जोर धरता येत नाही. तीन-चार मिनिटे लागतात. तोवर माझा पिवळा दिवा लागलेला असतो. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या चार मिनिटांएवढे लांब काही नव्हते. मी जीव तोडून हवा ओढत होते. सगळे त्या पिवळ्या दिव्याकडे पाहत होते.

हिरवा दिवा लागला. हळूहळू मावशींचे खांदे खाली आले. ओठांवर रंग आला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि दारातल्या काकांना विचारले, "फोटो चांगला आला का?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. काकांनी नुसती मान हलवली.

"नाही आला?" मावशींनी माझी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मग याला परत न्याल का हो?"

काका जमिनीवर बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. गुरुजी म्हणाले, "नाही ताई. आता कोणी नेणार नाही." पण मावशींनी रात्र पडेपर्यंत नळी सोडली नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला पुसा, माझी जाळी धुवा, हवे तर माझे लोकार्पण करा, मी नाही म्हणणार नाही. फक्त माझी वायर काढण्याआधी माझी नळी हातात धरा आणि ती कुठवर जाते ते चालत जाऊन पाहा.