रुमालाखालचा कीबोर्ड

आमच्या वैष्णवीची एक टीम आहे. पाच गावांतल्या पाच पोरी आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसतात आणि मिळून एकच लढाई खेळतात. गेल्या रविवारी ऐन हल्ल्यात वैष्णवीचा शिपाई जागच्या जागी उभा राहिला आणि गोळी खाऊन पडला. दोष कीबोर्डचा होता. पळायचं, वळायचं आणि उडी मारायची अशी तीन बटणं एकदम दाबली, की तो दोनच ऐकायचा. तिसऱ्याला बहिरा. टीमची कप्तान परंड्याची श्रावस्ती. तिनं फोनवर सांगून टाकलं, "या रविवारी परत असं झालं, तर तुझ्या जागी दुसरी घेते."

वैष्णवीकडं अकराशे रुपये होते. गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देऊन तिनं ते साठवले होते. कीबोर्ड आणायला ती जळकोटहून धाराशिवला निघाली, तेव्हा मीही चपला घातल्या.

"आबा, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. विकणारा कुठं खोटं बोलतोय, तेवढं कळतंय."

दुकानदार योगीराज तिशीतला, बोलका. त्यानं झटक्यात एक खोकं पुढं ठेवलं. "हा घ्या काका. नऊशे फक्त. सात रंगांच्या लायटी. एक नंबर माल."

"चालवून दाखवा."

"सील फोडलं की परत घेत नसतो."

"मग लंगडतोय का पळतोय, कळायचं कसं? शिंगं रंगवली म्हणून कुणी बैल घेतंय व्हय?"

"आबा, हळू बोला की," वैष्णवी लाजून म्हणाली.

तीन काय, दहा बटणं एकदम ऐकणारा कीबोर्डही त्याच्याकडं होता. किंमत चोवीसशे. पोरीचं तोंड एवढंसं झालं. आम्ही निघणार, तेवढ्यात तिनं मला कोपरानं ढोसलं.

"आबा, गल्ल्यावरचा त्यांचा कीबोर्ड बघा. गेममध्ये पळायची असतेत त्या चारच बटणांची अक्षरं पुसलीत. बिलं करून तेवढीच चार झिजत न्हाईत. हे दिवसभर गेम खेळतेत!"

मला लगेच उमगलं. बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा असतो, तशी ती खूण होती. कामातलं जनावर.

"तो दाखवा," मी म्हणालो.

"तो माझा आहे. विकायचा नाही."

कोपऱ्यात एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. योगीराजचे वडील, गुरुसिद्धप्पा. तो पेपरामागून हसला. "दाखव की रे. गिऱ्हाईक जाणकार हाय."

वैष्णवीनं तीन बटणं एकदम दाबली. मग चार. मग पाच. पडद्यावर सगळी उमटली. मी पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवलेला माणूस. पुसलेल्या अक्षरांना पैसे मोजायचं माझ्या जिवावर आलं. "तुला दिसायचं कसं गं?"

"बोटांना ठाऊक असतंय, आबा."

मग बैलबाजारात भाव झाकून ठरवतात, तसा मी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात म्हाताऱ्यापुढं धरला. "शेकड्यात."

गुरुसिद्धप्पा माझ्याकडं बघतच राहिला. पेपर खाली ठेवून उठला आणि रुमालाखाली हात घातला. "कैक वर्षं झाली की रे," म्हणाला. त्यानं माझा पंजा दोनदा दाबला, वर चार बोटं. चौदाशे. मी एक पंजा आणि तीन बोटं दाबली. आठशे.

"अप्पा, हे काय चाललंय? किती म्हणालात?" योगीराज कासावीस.

"तू गप."

"आबा, अकराशेच हायत," वैष्णवी माझ्या कानात कुजबुजली.

म्हाताऱ्याचे कान तिखट. पुढच्या क्षणी त्यानं पंजा दोनदा दाबला आणि वर नेमकं एक बोट.

"बघ, हजारात जमलं असतं, तुझ्यापायी शंभर चढले," मी तिला म्हणालो. आणि त्याला म्हणालो, "एसटीच्या तिकिटाला काही ठेवशील का न्हाय?"

"तुला कशाला तिकीट? पंच्याहत्तरी गाठलेला दिसतोस."

"पोरीला लागतंय."

"अर्धं."

"अर्धं तर अर्धं. लागतंय का न्हाय?"

तो खदखदून हसला आणि त्यानं ते एक बोट सोडलं. हजाराला सौदा झाला.

"आणि मी बिलं कशावर करू?" योगीराजनं डोक्याला हात लावला.

"तो सात रंगांचा जोड की," म्हातारा म्हणाला. "एक नंबर माल हाय म्हणत होतास."

"तो? अप्पा, त्याच्यावर दोन बटणांच्या वर..." योगीराजनं जीभ चावली. वैष्णवी आधी हसली, मग म्हातारा, आणि शेवटी बिचारा तोही.

रविवारी मी तिच्या मागं बसलो. पडद्यावर कोण कुणाला मारतंय, मला काही कळलं नाही. पण तिचा शिपाई पळता पळता वळला, भिंतीवरून उडी मारून पलीकडं गेला, आणि घरात एवढी आरोळी उठली की शेजारची कडूबाई धावत आली.

टीम तरीही हरली. संध्याकाळी श्रावस्तीचा फोन आला, तेव्हा वैष्णवीनं तो लगेच उचलला.

"तुझी जागा पक्की," पलीकडून आवाज आला. "आज माती मी खाल्ली. माझा माऊस अडकतोय. तुझे आबा परत धाराशिवला कधी जाणार हायत?"

वैष्णवी काही बोलायच्या आत मी ओरडून सांगितलं, "मंगळवारी!"