ओळ देणाऱ्याचा मुलगा

त्या संध्याकाळीला मावळणे ठाऊक नव्हते. जूनचा सूर्य ग्लासगोच्या काळ्या दगडी छपरांवर रेंगाळत होता. क्लाइड नदी वितळलेल्या तांब्यासारखी मंद, जड, चमकत चालली होती. नदीकाठच्या हिरव्या मैदानावर माणसांचा अस्वस्थ, बहुरंगी सागर जमत होता. लालबुंद गाल, पिवळे रेनकोट, निळे-पांढरे झेंडे. उजेड होता, उल्हास होता, आणि त्या साऱ्यावर तारेसारखी ताणलेली एक प्रतीक्षा होती.

रंगमंचामागे फिनले मॅकायव्हर उभा होता. उंच, सडसडीत, खाऱ्या वाऱ्याने केस लवकर पिकवलेला. एका तपाहून अधिक काळ स्कॉटलंडच्या रॉक संगीतात ज्याचा आवाज घुमत होता, तो फिनले. आज तो पडद्याच्या फटीतून पुन्हा पुन्हा मैदानाकडे डोकावत होता. थोडे भीतीने, पुष्कळसे आनंदाने.

तो लुईस बेटाचा. उत्तरेच्या करड्या सागरात पसरलेले, तपकिरी दलदलींचे, विराट आभाळाचे ते बेट. जिथे झाड उगवायला धजत नाही आणि वारा मात्र बारा महिने बहरलेला असतो. तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन नाही, एकही वाद्य नाही. एक माणूस उठतो आणि स्तोत्राची एक ओळ एकट्याने गातो. याला ओळ देणे म्हणतात. मग सारी सभा ती ओळ घेते. प्रत्येक कंठ आपल्या गतीने, आपल्या हरकतींनी, कुणी पुढे, कुणी मागे. एकाच्या ओळीची शंभरांची लाट होते. लाट ओसरते, आणि तो पुढची ओळ देतो.

फिनलेचे वडील, अँगस, त्या चर्चमध्ये ओळ देत. पोराने गाणे म्हणून बालपणी जे ऐकले ते हे: एक आवाज, मग समुद्र.

म्हणून तर ग्लासगोच्या पहिल्या पबमध्ये ती फजिती झाली. विशीतला फिनले माईकपुढे आला, स्वतः रचलेल्या गाण्याची पहिली ओळ त्याने गायली, आणि तो थांबला. सवयीने थांबला. त्याने ओळ दिली होती. आता ती कुणीतरी घ्यायची होती. ग्लास किणकिणले. कुणी खोकले. तो दुसरी ओळ गायला, आणि पुन्हा थांबला.

"शब्द विसरला बिचारा," कोपऱ्यातून आवाज आला. "बियर द्या त्याला, आठवतील."

हशा पिकला. तेव्हा शेजारी उभी असलेली मॉर्वेन, गोदी कामगाराची मुलगी, तिखट जिभेची आणि त्याहून तिखट बोटांची गिटारवादक, एक पाऊल पुढे सरकली आणि तिने त्या पोकळीत सुरांचा वणवा पेटवला. हशा विझला. पाय ठेका धरू लागले.

"हे कसलं रे गाणं, बेटवाल्या," नंतर ती म्हणाली. "एक वाक्य बोलायचं आणि बसची वाट बघत उभं राहायचं?"

त्या वणव्याने त्यांचे नाव झाले. ओळ, आणि मागोमाग गिटार. शांततेची फट, आणि फटीतून उसळणारी वीज. पबमधून ते कॉलेजांच्या सभागृहांत गेले, सभागृहांतून नाट्यगृहांत. गळक्या व्हॅनमधून, ओल्या सतरंज्यांवरून, डब्लिनच्या धुक्यातून, हॅम्बुर्गच्या दिव्यांतून. 'उत्तरवारा' हे त्याचे गाणे एडिनबरोच्या टॅक्सींत वाजले, रग्बीच्या मैदानांवर वाजले, लग्नांच्या मांडवांत वाजले. ओळ, गिटार. ओळ, गिटार. वर्तमानपत्रे त्याला मेघगर्जना म्हणू लागली.

आणि गेल्या वसंतात तो घरी गेला. खिडकीबाहेर समुद्र शिशासारखा पसरला होता. चुलीत सरपण म्हणून दलदलीची वाळलेली माती धुमसत होती, तिचा कडवट-गोड गंध भिंतींना चिकटला होता.

"बाबा, नवी रेकॉर्ड ऐकलीत?"

"ऐकली. गाईंनीही ऐकली. एकीनं दोन दिवस दूध दिलं नाही."

फिनले हसला. अँगसने चिमट्याने निखारा सरकवला.

"बरी आहे. पण तू ओळ देतोस आणि लगेच तूच परत घेतोस. माणसानं तोंड उघडायचं कधी?"

एवढेच. पण ते वाक्य फिनलेच्या उरात बीजासारखे पडले, रुजले, वाढत गेले. कीर्तीच्या साऱ्या वर्षांत त्याने लोकांना जे दिले ते दिपवणारे होते. आणि त्यांच्याकडून काही मागायचे मात्र राहून गेले होते. त्या पबमधल्या हशाची धास्ती त्याने गिटारखाली झाकून ठेवली होती. आज त्याला ती उघडी करायची होती. आज 'उत्तरवारा' गिटारविना होणार होते. तो ओळ देणार होता आणि थांबणार होता. हजारो माणसांपुढे, ध्वनिमुद्रण चालू असताना, आणि बोटीने आलेल्या वडिलांच्या देखत.

अँगस रविवारच्या काळ्या कोटात, टोपी हातात धरून, विंगेत उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो असल्या ठिकाणी आला होता. मॉर्वेनने त्याच्यापुढे कापसाचे बोळे धरले.

"काका, कानात घाला. नाहीतर उद्या चर्चमध्ये देवाचंही ऐकू यायचं नाही."

"मी ऐकायला आलोय, पोरी. कापूस तूच घाल. रोजचं आहे तुझं."

मॉर्वेनने बोळे खिशात कोंबले. मग ती फिनलेकडे वळली.

"हे बघ. लोक गप्प राहिले तर मी वाजवणार. बुडणाऱ्याला हात द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही."

"थोडं थांबून दे हात."

"किती थांबून?"

"मी बुडेपर्यंत."

दिवे उजळले, उजेडात उजेड मिसळला, आणि गर्जना उठली. हर्षाची, तृषेची, नदीवरून परतून येणारी गर्जना. एकामागून एक गाणी उसळली. ढोल दणाणले, तारा धगधगल्या, मैदान वाऱ्यातल्या बार्लीसारखे डोलले. फिनलेच्या रक्तातून मशालींची मिरवणूक धावत होती.

मग त्याने हात वर केला. वाद्ये थांबली. त्याने माईकशी ओठ नेले, डोळे मिटले, आणि उत्तरवाऱ्याची पहिली ओळ दिली.

"दार उघडं आहे, वाऱ्या, ये."

एकटी, अनावृत, लवणगंधी ओळ. ती मैदानावरून गेली, झेंड्यांवरून गेली, आणि तिच्यामागे शांतता आली.

लोक गिटारची वाट पाहत होते. दर वेळी इथे वीज कोसळे. आज आभाळ कोरडे. माना उंचावल्या. कुजबुज फिरली.

"मॉर्वेन, झोपलीस काय गं?" कुणी ओरडले, आणि हशा मैदानभर पसरला.

तोच हशा. त्या पबमधला. मॉर्वेनची बोटे तारांवर टेकली होती, बाणासारखी ताठ. विंगेत अँगस निश्चल होता. दिलेली ओळ सभेने उचलेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचे नसते, हे त्याला आयुष्यभर ठाऊक होते.

फिनले हलला नाही. दुसरी ओळ त्याने ओठांआड धरून ठेवली. तो थांबला, हशा ओसरला तरी थांबला, शांतता पिकू लागली तरी थांबला. मॉर्वेनने श्वास घेतला. तिची बोटे उचलली गेली.

आणि पुढच्याच रांगेत, पिवळ्या रेनकोटातल्या एका जाडजूड बाईने ओळ उचलली.

खालच्या पट्टीत. किंचित बेसूर. अर्ध्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिच्या शेजारच्याने उरलेली ओळ सावरली. मग त्यांच्या मागचे दोघे. मग एक तरुण कंठ, उंच, चांदीसारखा. मग एक घोगरा. "दार" कुठे पोचले होते, "वाऱ्या" कुठे निघाले होते, "ये" कुठे गिरकी घेत होते. कुणी घाईने, कुणी संथ. कुणी मुरका घेऊन, कुणी सरळ. रांगेमागून रांग, लाटेमागून लाट. मॉर्वेनचा हात तारांवरून सुटला आणि बाजूला लोंबू लागला. "अरे देवा," ती पुटपुटली, आणि तीही गाऊ लागली. विंगेतून एक वृद्ध, खडबडीत आवाज त्या सभेत मिसळला, पुढे नाही, मागे नाही.

फिनलेने डोळे उघडले. छातीत काही धडधडत होते, ते हृदय की ते मैदान, हे त्याला सांगता आले नसते. एवढी वर्षे तो लोकांपुढे गायला होता. आज लोक त्याच्यापुढे गात होते, मोठे, मोकळे, बेभान.

त्याने दुसरी ओळ द्यायला तोंड उघडले, आणि हसत मिटून घेतले. कारण मैदानाच्या पार टोकाला, नदीच्या कठड्याशी, जिथे आवाज उशिरा पोचतो, तिथली माणसे अजून पहिल्याच शब्दावर होती. सावकाश, चेहरे वर करून, ज्याची त्याची गती धरून.