लाइटवरच्या दोघी

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत थंड पेयांचा एक कारखाना होता. दुकानांतून परत आलेल्या काचेच्या बाटल्या तिथे यंत्रात धुऊन निघायच्या आणि पट्ट्यावरून एका पांढऱ्या लाइटपुढून सरकायच्या. पट्ट्याच्या एका बाजूला शालन बसायची, दुसऱ्या बाजूला वेणूबाई. बाटलीत काडी राहिली, तोंडाचा टवका उडालेला दिसला, की उचलून बाजूला काढायची. काचेवर काच आपटण्याचा आवाज इतका, की शेजारचीने ओरडून सांगितलेलंही कळायचं नाही. म्हणून या दोघी हातांनी बोलायच्या. पोटावर हात म्हणजे भूक, कानाला बोट म्हणजे सुट्टीत सांगते.

वेणूबाई खराडीच्या शेतकऱ्याच्या घरातली, शालन रामटेकडीच्या बौद्धवस्तीतली. पहिल्या दिवशी डबा उघडताना वेणूबाई म्हणाली, "आपुन एकत्र जेवतो ते आमच्या घरी कुणाला सांगू नगंस." पुढे तिने ते कधी परत म्हटलं नाही, आणि दोघींचे डबे कधी वेगळे झाले नाहीत.

नव्वद सालानंतर परदेशी कंपनीने कारखाना विकत घेतला. नाव बदललं, गणवेश बदलला. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. दुकानात उभं राहून पिऊन बाटली परत द्यायची कटकट नाही. घ्या, चालू लागा, रिकामी झाली की टाका. लोकांना ते फार आवडलं. शालनलाही आवडलं. नवरा गेल्यावर तिला दीक्षा या एकुलत्या एका मुलीशिवाय कोणी नव्हतं. दीक्षाच्या वाढदिवसाला शालनने स्वतः मोठी प्लॅस्टिकची बाटली आणली आणि ती धुऊन पुढे किती तरी दिवस पाणी भरायला वापरली. वापरून टाकायच्या बाटलीला धुणारी लागत नाही आणि तपासणारी तर नाहीच, हे तिच्या डोक्यात आलं ते स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करताना. स्वेच्छा कोणाची, एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

पुढे शालनने पोळ्या लाटल्या, पाळणाघर चालवलं, दीक्षाला इंजिनियर केलं. दीक्षाने हिंजवडीत फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेली. फ्लॅट अकराव्या मजल्यावर, खिडक्या धुळीमुळे कायम बंद. दीक्षा सकाळी जायची, अंधार पडल्यावर यायची, आली की लॅपटॉप उघडायची. कारखान्याने शालनचे कान अधू केले होते. शेजारणी दोनदा बोलल्या, तिसऱ्यांदा नुसत्या हसल्या. टीव्ही मोठा लावला तर खालून तक्रार यायची. दिवसच्या दिवस तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही.

एका सकाळी ती उठली, साडी बदलली आणि मनपाच्या थांब्यावर बस बदलून खराडीला गेली.

खराडी तिला ओळखू आली नाही. काचेच्या इमारतींमधून विचारत विचारत ती नदीकाठच्या जुन्या घराशी पोचली. ओट्यावर वेणूबाई बसली होती, केस पार पांढरे. शालन समोर जाऊन उभी राहिली. वेणूबाईने डोळे बारीक केले, आणि मग तिचं बोट आपोआप कानाला गेलं.

"शालन! अगं, किती वाळलीस!"

"तू कुठे जाड आहेस?"

"मोठ्यानं बोल, मला काय बी ऐकू येत न्हाई."

"मलाही नाही!" शालन ओरडली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

वेणूबाईने तिला मागची विहीर दाखवली. एके काळी या पाण्यावर ऊस होता. आता वरच्या वसाहतीचं सांडपाणी आत झिरपत होतं, पाण्यावर काळी साय धरली होती आणि तिच्यात बाटल्या तरंगत होत्या. पलीकडे नदीत जलपर्णी, आणि तिच्यात अडकलेल्या आणखी बाटल्या. शालनने सवयीने एका बाटलीच्या तोंडाकडे पाहिलं, तळाकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली.

"ह्यातली एक तरी कुणी परत मागतंय का?" वेणूबाई म्हणाली. "माझ्या पोरानं, साईनाथनं, जागा दिली गोडाऊनला. ते घरबसल्या सामान मागवत्यात ना, त्यांचं. दिवाळीनंतर विहीर बुजवणार."

"आणि तू?"

"मला नेणार फ्लॅटात. घरात समदी असत्यात, पर बोलाया कुणी न्हाई." तिने शालनचा हात धरला. "तू येत जा."

शालन येत जाईन म्हणाली. फोन नंबर दोघींनीही मागितला नाही. फोनवर एकमेकींचं काय ऐकू येणार होतं?

त्यानंतर शालन गुडघ्याच्या दुखण्याने घरातच अडकली. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. ती पुन्हा खराडीला पोचली तेव्हा ओटा नव्हता, विहीर नव्हती. लांबच लांब पत्र्याची शेड होती आणि तिच्यापुढे टेम्पोंची रांग. एका ड्रायव्हरने साईनाथशेठची इमारत दाखवली.

फाटकावरच्या वॉचमनने वर फोन लावला आणि रिसीव्हर शालनच्या हाती दिला.

"वेणू, मी शालन! खाली आलेय!"

पलीकडून काहीतरी खरखरलं. शालनने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तेवढंच. तिने पुन्हा ओरडून नाव सांगितलं. शेवटी वॉचमनने रिसीव्हर घेतला, दोन वेळा "हॅलो, आजी" म्हणाला आणि ठेवून दिला.

"आजींना ऐकू येत नाही. कोण आहे, कोण आहे, एवढंच विचारतायत. घरात दुसरं कोणी नाही. वरून हो म्हटल्याशिवाय सोडता येत नाही, मावशी. माझी नोकरी जाईल."

"तू वर जाऊन सांग ना."

"फाटक सोडून कसा जाऊ?"

ती बाकावर बसली. साईनाथची बायको आली की तिच्याबरोबर वर जाता येईल. पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेले पार्सलवाले येत होते, मोबाइल दाखवत होते आणि लिफ्टने वर जात होते. तिने त्यातल्या एकाला हाक मारली, पण त्याच्या कानात गाणी होती. ऊन भिंतीवर चढत गेलं. तिने मान मागे टाकून वर पाहिलं. सगळ्या गॅलऱ्या सारख्याच, कोणती वेणूबाईची ते कळेना. वॉचमनने आपल्यातला चहा दिला. दिवे लागायच्या वेळेला ती उठली, कारण पुढे गाडीला गर्दी होते.

घरी दीक्षा दारातच होती. "आई, कुठे गेली होतीस? मी किती कॉल केले!"

"वेणूबाईकडे."

"कोण वेणूबाई?"

शालनने चपला काढल्या. इतकी वर्षं एका डब्यात जेवलेली बाई, आणि पोरीला तिचं नावही माहीत नव्हतं. शालन तरी कधी सांगायला बसली होती?

"बस," ती म्हणाली. "सांगते. आमच्या कारखान्यात एक लाइट होता..."

दीक्षा बसली. तिने खरंच लॅपटॉप मिटला. शालन पट्ट्यापर्यंत, बाटल्यांपर्यंत आली आणि दीक्षाचा फोन वाजला. "दोनच मिनिटं, आई," असं हाताने खुणावत ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

शालनने दोन ताटं घेतली, वाढली आणि त्या लोटलेल्या दाराकडे तोंड करून बसून राहिली.