बाहुलीचे केस आणि हिरवा दिवा

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर काचेची पेटी, पेटीत चिमूटभर केस आणि पेटीमागे खुर्चीत दिवेबाबा.

"डॉक्टर हाडं बघतात, मी जनुकं बघतो!" बाबा गरजले. "लाल म्हणजे रोगाचं जनुक जागं, हिरवा म्हणजे झोपलं. अंगाईनं बाळ झोपवावं, तसं मंत्रानं झोपवतो!"

बाबा पुटपुटले. लाल दिवा विझला, हिरवा लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत भिंगरीच्या आईने डोळे पुसले.

शेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे भिंगरीच्या मावशीचा, जीव तीळ तीळ तुटत होता. भिंगरीच्या गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सरची गाठ होती. मागच्या खेपेला असाच हिरवा दिवा लागला आणि ताईने पोरीची इंजेक्शनं बंद केली. मावशी अशाच गाठी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. पण ताईला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"बघितलंस? जमलं का हे तुमच्या मशीनला?"

"ताई, केसांवरून हाडातलं कसं कळेल? प्रत्येक पेशीत जनुकांचं पुस्तक तेच असतं गं. पण केसाची पेशी आपली पानं वाचते, हाडाची आपली. गाठीने कुठली पानं उघडलीत, ते गाठीचाच तुकडा घेऊन वाचावं लागतं. पुष्कळ मुलांच्या गाठी अशा ताडून पाहिल्या, की कुठे थोडं कळतं."

"थोडं! बाबांना सगळं कळतं."

आईच्या पलीकडे बसलेली भिंगरी कुबडी सावरत हळूच म्हणाली, "आई, ते केस माझे नाहीत."

"म्हणजे?"

"केस गळायच्या आधी कापून ठेवलेली वेणी आहे ना, तिच्यातले काढायला सांगितलंस तू. मला वेणी मोडवेना गं. मी बाहुलीचे कापून दिले. मागच्या वेळीही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी उठली. "बाबा, प्लास्टिकच्या बाहुलीला कुठलं हो जनुक?"

बाबा अडखळले; त्यांचा पाय सतरंजीवर एकाच जागी चाचपत होता, ते मावशीने हेरलं. "बाहुलीत... बालिकेचाच प्राण उतरतो!"

"असं? मग पाय जरा सतरंजीवरून उचला."

पाय हलेना. मावशीने व्यासपीठावर चढून सतरंजीच ओढली. खाली पायाने दाबायचं बटण होतं, वायर थेट पेटीत गेलेली. तिने दाबलं, लाल. पुन्हा दाबलं, हिरवा.

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला, "माझ्या नातवाचा हिरवा तरी खरा होता ना हो?"

त्याच दुपारी हॉस्पिटलात स्कॅनच्या खोलीच्या दारावर लाल दिवा लागला. भिंगरी आईला बिलगली. "ह्याचं बटण कुठंय?"

"हे काय," मशीन चालवणारे काका म्हणाले. "मशीन चालू असताना कुणी आत येऊ नये म्हणून लावतो. दाबून बघ."

तिने दाबून पाहिलं, मगच ती आत गेली.

गाठ वाढली होती. फुप्फुसावरही ठिपके दिसत होते. आई भिंतीला टेकून खाली बसली.

"मावशी, मी बरी होईन?"

"माहीत नाही, बाळा. इंजेक्शनं आजपासून पुन्हा सुरू. आणि तुझ्याशी खोटं कुणी बोलणार नाही."

लेकराच्या दुखण्यापुढे भल्याभल्यांची मती गुंग होते, त्यात लाज नाही. पण दिवा लागला, की टाळी वाजवण्याआधी बटण कुठे आहे ते विचारा. खरा वैद्य ते दाखवतो, आणि जे त्याला ठाऊक नसतं, तेही सांगतो.