वस्तादांच्या चपड्यातली राळ

कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने यायचे ते नुसता क्रमांक लावून. कुठला नमुना कोणत्या भट्टीचा, हे निकाल लिहून होईपर्यंत तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियमच होता. तिथे तपासणीचं काम करणाऱ्या लेकीला तो मनापासून पटलेला होता, कारण त्यातल्या एका भट्टीवर तिचे आप्पा होते. त्यांना सगळा कारखाना वस्ताद म्हणायचा. झाडाच्या फांद्यांवर बारीक किडे जी लाख करतात, ती कापडी पिशवीत भरून भट्टीपुढे पिळायची आणि तो गरम रस ताणून पातळ पत्रा, म्हणजे चपडा, काढायचा. आप्पांनी उभा जन्म हेच केलं होतं.

कच्च्या लाखेत लबाड लोक स्वस्तातली राळ मिसळतात. राळ म्हणजे झाडाचा डिंक. दिसायला लाखेची सख्खी बहीण, पण तिचं पॉलिश चिकट राहतं. तापवलं की मात्र वासावरून दोघी वेगळ्या कळतात. आप्पा पोत्यातला खडा निखाऱ्यावर टाकायचे, वास घ्यायचे आणि पोतं ठेवायचं की परत पाठवायचं ते तिथल्या तिथे सांगायचे. "तुझ्या बाटल्या उकळेपर्यंत माझं जेवून हात धुऊन होतं," असं लेकीला चिडवायचे.

त्या दिवशी तिनं एका नमुन्याचा अर्क काढला, पांढऱ्या ताटलीत त्याचे थेंब टाकले आणि वर ब्रोमीनची वाफ सोडली. नुसती लाख असती तर काही झालं नसतं. थेंब जांभळे झाले. "राळ आहे. आणि चांगली पोटभर आहे. कोण हा दिवटा?" असं म्हणत तिनं निकाल लिहून टाकला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी क्रमांकाचं पाकीट फोडलं आणि आतली चिठ्ठी तिच्यापुढे धरली. चिठ्ठीवर आप्पांची भट्टी होती.

तिनं पुन्हा अर्क काढला. थेंब पुन्हा जांभळेच. दुपारपर्यंत कारखानाभर झालं की वस्तादसुद्धा शेवटी त्यातलेच निघाले. मालकांनी आप्पांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

आप्पा राळ मिसळतील हे तिला मरेपर्यंत पटलं नसतं. मग दुसरं एकच कारण उरत होतं: राळ पोत्यातच असेल आणि आप्पांना तिचा वासच आला नसेल. संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात एका बशीत लाख, एकीत राळ तापवून ठेवली आणि आप्पांना डोळे मिटायला लावले. त्यांनी बरोबर ओळखलं तर ते लबाड ठरत होते. चुकले तर निर्दोष, पण मग भट्टी सुटत होती. देवाकडे काय मागावं तेच तिला कळेना.

"म्हातारपणी कसला पोरखेळ हा," आप्पा म्हणाले. दोन्ही बशा त्यांनी नाकाशी नेल्या आणि ऐटीत एक पुढे केली. "ही लाख."

राळेच्या उग्र वासानं तिचं स्वतःचं डोकं दुखत होतं, आणि तीच बशी त्यांच्या हातात होती. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. तेवढ्यावरून त्यांना समजलं. त्यांनी डोळे उघडले.

"पावसाळ्यात तो ताप आला होता ना, त्यातून उठलो तेव्हापासून वासच येत नाही. रंगावरून रेटत होतो."

"मग उद्या मालकांना हे सांगू. तुम्ही मिसळली नाही एवढं तरी कळेल."

"खबरदार. मीच मिसळली म्हणायचं. लबाडी सापडली तर मालक दंड करतात आणि पुन्हा कामावर घेतात, दोघांना घेतलंय. वास न येणाऱ्याला भट्टीपुढे कोण उभं करेल गं?"

ती भांडली, रडली. आप्पांनी ताट वाढून घेतलं आणि जेवले.

सकाळी मालकांपुढे आप्पा म्हणाले, "हो, मी मिसळली. काय दंड करायचा तो करा."

मालकांनी समोरची वही मिटली. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर दंड घेऊन सोडलं असतं, वस्ताद. पण तुमच्या भट्टीचा निकाल मी कधी उघडूनसुद्धा बघत नव्हतो. आता मला तुमचं तोंड बघवणार नाही. उद्यापासून येऊ नका."

हे आप्पांच्या हिशेबात नव्हतं. मग लेकीला राहवलं नाही.

"मालक, ते खोटं बोलताहेत. त्यांना वास येत नाही. राळ पोत्यातच होती, त्यांना कळली नाही. माझी शपथ."

मालकांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ते खुर्चीतून उठलेच. "वस्ताद, खरं का हे? नुसतं हो म्हणा. मी सगळं विसरतो. भट्टी नाही, पण दुसरं काही बघू."

लेक आप्पांकडे बघत होती. हो म्हणा, हो म्हणा, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. आप्पांनी दाराबाहेर, भट्ट्यांच्या धुराकडे पाहिलं. लबाड म्हणून जाणं परवडलं, पण नाक गेलेला वस्ताद म्हणून कोपऱ्यात बसणं नको.

"पोरीची माया आहे, बोलणारच. नाक ठणठणीत आहे माझं. राळ मी घातली."

मालकांनी आयुष्यभर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. तेव्हाही ठेवला.